लोखंडी जिन्याचे कॉलेज

गेल्या महिन्यात भाच्याचा दहावीचा निकाल लागला आणि बहिणीने त्याला चार दिवसांसाठी माझ्याकडे नाशिकला धाडले. मुलाला मशीनवर काम शिकायचे आहे, आणि सातपूरच्या एका छोट्या खाजगी आयटीआयचे माहितीपत्रक कुठूनतरी त्याच्या हाती लागले आहे. बहिणीच्या डोक्यात मात्र कॉलेज म्हटले की मोठे फाटक, आत झाडे, गाड्यांच्या रांगा आणि निदान एक मैदान असते. फोनवर ती मला म्हणाली, "दादा, तू शिकलास ते शिकलास, पण कॉलेजला जरा नाव तरी पाहिजे ना!"

मी शिकलो त्या संस्थेलाही नाव नव्हते. म्हणजे पाटीवर होते, पण ते सांगून कोणालाही काही बोध होत नसे. रिक्षावाल्याला संस्थेचे नाव सांगितले तर तो मान हलवी, आणि शेजारच्या पावडर कोटिंगवाल्याचे नाव सांगितले की लगेच रिक्षा वळवी. सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या एका गल्लीत पत्र्याची शेड होती. शेडीत खाली आठ लेथ (धातूचा तुकडा फिरवत ठेवून कापायची यंत्रे), फिटरांची बाके, एक ड्रिलिंग मशीन आणि एक शेपर. बाहेरून एक लोखंडी जिना वर जाई आणि वर दोन वर्गखोल्या व कार्यालय. जिना चढलो की थिअरी, उतरलो की प्रॅक्टिकल, एवढाच आमच्या कॉलेजचा नकाशा. फिटर, टर्नर आणि इलेक्ट्रिशियन असे तीनच ट्रेड होते आणि आमच्या टर्नरच्या तुकडीत आम्ही सोळाजण होतो.

त्या काळी सरकारी संस्थेला आयटीआय आणि खाजगी संस्थेला आयटीसी, म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण केंद्र, असे म्हणत. अभ्यासक्रम एकच, अखिल भारतीय परीक्षा एकच, प्रमाणपत्र देणारी राष्ट्रीय परिषद एकच. फरक एका अक्षराचा होता, पण लग्नाच्या पंगतीत त्या एका अक्षराला फार किंमत होती. "आयटीसी म्हणजे सिगारेटवाली कंपनी ना?" असे मला एका मावळणीच्या यजमानांनी मनापासून विचारले होते. पुढे सगळ्यांनाच आयटीआय म्हणू लागले आणि तो प्रश्न मिटला, पण तोवर माझे शिक्षण संपले होते.

मी तिथे पोहोचलो तो काही आवडीने नव्हे. आमची दिंडोरी तालुक्यात दोन एकर द्राक्षबाग. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळाचा पाऊस आला तेव्हा बाग नेमकी फुलोऱ्यात होती. आठ दिवसांत डाऊनी या बुरशीच्या रोगाने घड हातचे गेले आणि औषधांची उधारी तेवढी उरली. त्या हिवाळ्यात वडिलांनी ठरवून टाकले की घरातल्या एका तरी माणसाचा पगार महिन्याच्या महिन्याला आला पाहिजे, आणि तो माणूस मी. २०१० च्या जूनमध्ये मला दहावीला ५६ टक्के पडले. सरकारी आयटीआयच्या टर्नरच्या यादीत नाव लागले नाही, आणि मग कोणीतरी या शेडीचा पत्ता दिला. पहिल्या दिवशी आई सोबत आली होती. कूलंट आणि जळक्या तेलाचा वास नाकात शिरताच तिने पदर तोंडाला लावला आणि मला हळूच विचारले, "अरे, हे कॉलेज हाये का गॅरेज?"

पहिले तीन महिने आम्हाला लेथला हात लावू दिला नाही. बेंच व्हाइसमध्ये माइल्ड स्टीलचा तुकडा पकडायचा आणि कानस चालवायची, सकाळपासून दुपारपर्यंत. कानशींचीही जातवारी असते: रफ, बास्टर्ड, सेकंड कट, स्मूथ. दुसऱ्या नावाला वर्गात जो हशा पिकला तो सरांनी वर्षानुवर्षे ऐकलेला असावा, कारण ते फळ्याकडून वळलेसुद्धा नाहीत. काम दिसायला सोपे होते. ५० मिलिमीटर लांब आणि ५० मिलिमीटर रुंद असा चौरस करायचा, चारही कडा एकमेकींना काटकोनात. प्रत्यक्षात कानस पुढे ढकलताना हात नकळत खाली झुकतो आणि कड मध्ये फुगीर, टोकांना उतरती होते, आणि हे स्वतःच्या डोळ्यांना अजिबात दिसत नाही.

ते दाखवायची सरांची एक रीत होती. गावचा सुतार ज्याला गुण्या म्हणतो तो, म्हणजे ट्राय स्क्वेअर, ते जॉबच्या (करायला दिलेल्या तुकड्याला जॉब म्हणतात) कडेला लावत, दोन्ही हातांनी ट्यूबलाइटसमोर धरत आणि एक डोळा मिटून बघत. पाते आणि लोखंड यांच्यामध्ये केसाएवढी जरी फट असली तरी तिच्यातून प्रकाशाची रेघ निघते. मग ते जॉब परत देत आणि फक्त एवढेच म्हणत, "उजेड दिसतोय." ना रागावणे, ना समजावणे. माझ्या पहिल्या जॉबमध्ये मला हे दोन शब्द किती वेळा ऐकावे लागले ते मोजले नाही, पण ५० चा चौरस पूर्ण होईपर्यंत त्याची एक बाजू ४७ वर आली होती, कारण उजेड बंद करण्याच्या नादात मी माप विसरलो होतो. सरांनी व्हर्नियर लावला, आकडा वाचला आणि नवीन तुकडा हातात दिला.

हे सर सातपूरच्याच एका कारखान्यातून निवृत्त झालेले मशिनिस्ट होते. सरकारी भाषेत त्यांच्या पदाला निदेशक म्हणतात, पण तो शब्द आमच्यापैकी कोणी कधी तोंडातून काढला नाही. वर्कशॉप कॅल्क्युलेशन हा विषयही तेच शिकवत, आणि गणितात जेमतेम पास झालेल्या मला पाय (π) हा आकडा कशासाठी असतो ते त्या जिन्यावरच्या खोलीत कळले. कटिंग स्पीडला एक हजाराने गुणायचे आणि पाय गुणिले व्यास याने भागायचे, की जॉब पकडून फिरवणाऱ्या चकचे मिनिटाला किती फेरे हवेत ते निघते. हायस्पीड स्टीलचे टूल, माइल्ड स्टीलचा २५ मिलिमीटर व्यासाचा बार, कटिंग स्पीड मिनिटाला ३० मीटर: उत्तर ३८२ च्या आसपास. आमच्या लेथच्या गिअरमध्ये ३८२ नव्हते, म्हणून त्याच्या खालचा टप्पा घ्यायचा. दहा मिनिटांपूर्वी फळ्यावर मांडलेले उदाहरण जिना उतरून प्रत्यक्ष लेथवर लावले आणि त्यातून निळसर, कुरळी, अखंड चिप, म्हणजे कापलेल्या धातूची साल, सुटली, तेव्हा मला जे वाटले ते शाळेच्या दहा वर्षांत कोणत्याही पुस्तकाने वाटू दिले नव्हते.

आता छोट्या कॉलेजची जी खरी गोष्ट आहे, आणि जी माहितीपत्रकात कधी छापली जात नाही, ती सांगतो. तिथे लपायला जागा नसते.

माझा मावसभाऊ त्याच सुमारास कॉलेज रोडवरच्या एका मोठ्या कॉलेजात होता. ज्यांनी नाशिक पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो, की एचपीटी, आरवायके, बीवायके अशी आद्याक्षरांनी ओळखली जाणारी जुनी कॉलेजे ज्या रस्त्यावर आहेत त्याचे नावच कॉलेज रोड पडले आहे, आणि संध्याकाळी तिथे फिरणाऱ्या मुलामुलींकडे पाहून शिक्षण ही किती आनंदाची गोष्ट आहे असे कोणालाही वाटावे. मावसभावाच्या वर्गात शंभराहून अधिक मुले होती. तो आठवडाभर गेला नाही तरी कोणाच्या ध्यानात येत नसे, आणि ही गोष्ट तो मोठ्या अभिमानाने सांगत असे. मला त्याचा हेवा वाटे. आमच्याकडे सोळाच माणसे; एकजण आला नाही की त्याची जागा रिकामी राहते आणि ते दारातूनच दिसते.

ऑक्टोबरमध्ये एकदा मी आणि पेठचा एक मुलगा प्रॅक्टिकल बुडवून रामकुंडावर गेलो. विशेष काही करायचे नव्हते. गोदावरी कशी आहे ते पाहिले, दुतोंड्या मारुतीपाशी बसलो, पावसाळ्यात पाणी त्याच्या कुठपर्यंत चढले होते त्याच्या खुणांवर वाद घातला, भेळ खाल्ली. तेवढ्या वेळात सरांनी आमच्या घरी फोन केला होता. गावी गोडी छाटणी चालू होती. वडील मजूर बागेत सोडून तसेच मोटारसायकलवर निघाले आणि दुपारी दोन वाजता शेडीच्या दारात उभे राहिले. हाताला छाटणीनंतर काडीला लावायच्या पेस्टचा रंग तसाच होता. आम्ही साडेतीनला परतलो तेव्हा ते आणि सर बाकावर बसून चहा पीत होते. वडील मला काहीच बोलले नाहीत. त्यांनी सरांना विचारले, "याचा जॉब कोणता?" सरांनी माझा अर्धवट चौरस काढून दिला. वडिलांनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला, अंगठा कडेवरून फिरवला, जागेवर ठेवला आणि गाडीला किक मारून निघून गेले. पुढच्या पावणेदोन वर्षांत मी आजारपण सोडून एकदाही गैरहजर राहिलो नाही. मात्र याला कोणी शिस्त म्हणू नये. ती शरम होती, आणि शरमेने माणूस शिकतो तसा थोडा आखडतोही, हे मला मान्य आहे. आमच्यातला एकजण अशाच फोननंतर कायमचा निघून गेला. मोठ्या कॉलेजात तो कदाचित रडतखडत का होईना टिकला असता.

सुरुवातीला मी गावाहून ये-जा करत असे. दिंडोरी ते नाशिक साधारण २५ किलोमीटर. एसटीने निमाणीला उतरायचे, तिथून सातपूरची शहर बस धरायची. तेव्हा शहर बसही एसटीच चालवत असे; सिटीलिंक आली २०२१ मध्ये. दिवसाचे साडेतीन-चार तास रस्त्यावर जात, म्हणून दिवाळीनंतर अशोकनगरात पाचजणांत मिळून एक खोली घेतली. घरमालकीणबाई जळगाव जिल्ह्यातल्या होत्या. सातपूर आणि सिडको भागात खान्देशातून कारखान्यांसाठी आलेली इतकी कुटुंबे आहेत की पहिल्या महिन्यात मला नळावरची अर्धी भांडणे समजत नव्हती. ती अहिराणीत चालत. काकूंच्या हातची शेवभाजी आणि कळण्याची भाकरी यांनी ती भाषा हळूहळू शिकवली.

२०११ च्या फेब्रुवारीत जनगणनेच्या बाई दारात आल्या. काकूंनी सांगितले, "ती पोरं खेड्यावरची आहेत, तिकडे मोजतील." गावी आईने सांगितले, "तो नाशिकला असतो." त्या जनगणनेत नाशिक शहराची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार भरली, आणि तिच्यात मी नाही याची मला जवळजवळ खात्री आहे. मुंबई-पुण्याच्या माणसाला नाशिक हे शहर वाटत नाही, देवदर्शनाला येऊन जायचे मोठे गाव वाटते. पण ज्या गावात संध्याकाळी सातनंतर एसटी नाही तिथून आलेल्या मुलाला हे शहर अंगावर येण्याइतके मोठे होते, आणि त्या मोठेपणाचा उपयोग कसा करायचा हे शिकण्यातच पहिले वर्ष गेले.

तो उपयोग करणे भागच होते, कारण कॉलेजजवळ स्वतःचे म्हणून फारसे काही नव्हते. ग्रंथालय म्हणजे कार्यालयातले एक कपाट, आणि कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे असे ते बहुधा बाहेर असत. मैदान नाही, गॅदरिंग नाही. आठ लेथपैकी दोन बंद होते आणि आम्ही असेपर्यंत बंदच राहिले. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत येई, आम्ही शिकलेलो मराठीत. "शंभर टक्के नोकरी" असे दर्शनी फलकावर लिहिले होते. शेवटी त्याचा अर्थ कारखान्यांच्या दूरध्वनी क्रमांकांची एक झेरॉक्स यादी एवढाच निघाला, आणि तीही जुनी होती. फी मात्र वेळच्या वेळी लागे. वडिलांनी ती कशी भरली हे मी तेव्हा विचारले नाही, आणि आता विचारले तर ते विषय बदलतात.

सरांनी या उणिवेवर स्वतःपुरता एक तोडगा काढलेला होता, तो म्हणजे वसाहतच वर्ग समजायची. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले आणि त्यानंतर सातपूर, अंबड असे करत नाशिकच्या या बाजूला कारखान्यांचे रान उठले. त्या मोठ्या कारखान्यांच्या आधाराने गल्लोगल्ली दोन लेथ, चार लेथ असे जॉबवर्क करणारे शेकडो छोटे कारखानदार उभे राहिले. सरांची त्यांतल्या पुष्कळांशी ओळख होती. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा ते आम्हाला रांगेने बाहेर काढत. एकदा हीट ट्रीटमेंटच्या भट्टीसमोर उभे केले, लाल झालेला शाफ्ट तेलात बुडताना दाखवला आणि परतल्यावर तोच शाफ्ट कानशीने घासायला दिला. कानस काचेवरून घसरावी तशी घसरली. एकदा भंगारवाल्याकडे नेले आणि ढिगाऱ्यातल्या चिप्सवरून त्या कुठल्या धातूच्या आहेत ते ओळखायला लावले. बिडाची चिप भुगा होऊन पडते, माइल्ड स्टीलची लांब कुरळी निघते, पितळेची बारीक बारीक तुटते. पुस्तकात हे एका ओळीत लिहिलेले असते आणि परीक्षेनंतर विसरले जाते.

त्र्यंबक रस्त्यावर मायको सर्कलला बसची वाट पाहतानाही त्यांचा तास चाले. मायको म्हणजे मोटर इंडस्ट्रीज कंपनी. २००८ मध्ये तिचे नाव अधिकृतपणे बॉश झाले, तरी चौक आणि रिक्षावाले मायकोच म्हणत राहिले. डिझेल इंजिनात इंधनाचा फवारा मारणारे नोझल तिथे बनते, आणि त्या नोझलमधली सुई व तिचे घर यांच्यातली फट मायक्रॉनमध्ये मोजतात, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, असे सरांनी एकदा बसथांब्यावर सांगितले. आम्ही त्या आठवड्यात मिलिमीटरच्या दहाव्या भागाशी झगडत होतो. ओझरला एचएएलमध्ये विमाने जोडतात, नाशिकरोडच्या छापखान्यात १९२८ पासून नोटा छापतात, हे सगळे आम्ही शाळेत सामान्यज्ञान म्हणून पाठ केले होते. पण या सगळ्याच्या मुळाशी कोणीतरी एक माणूस मायक्रोमीटर घेऊन उभा आहे ही कल्पना मला त्या थांब्यावर पहिल्यांदा आली.

दुसऱ्या वर्षी आटे पाडायला शिकलो. एम २० चे, म्हणजे २० मिलिमीटर व्यासाचे आटे, पिच (लागोपाठच्या दोन आट्यांमधले अंतर) अडीच मिलिमीटर, कोन ६० अंशांचा, खोली साधारण १.५३ मिलिमीटर. एका फेऱ्यात एवढे खोल कापता येत नाही. टूल थोडे थोडे आत घेत पुन्हा पुन्हा त्याच वाटेने न्यावे लागते. टूल वाहणारे कॅरेज लीड स्क्रू नावाच्या लांब स्क्रूच्या जोरावर सरकते, आणि हाफ नट ही त्या दोघांना जोडणारी पकड. मी एक फेरा झाल्यावर हाफ नट उघडला, कॅरेज हाताने मागे आणले, पुन्हा मनाला येईल तिथे हाफ नट बसवला आणि मशीन चालू केले. टूल जुन्या आट्याच्या डोक्यावर चढले आणि दोन वाटा एकमेकींत घुसल्या, जॉब बाद. आदल्याच दिवशी दीड मिलिमीटरच्या आट्यांना हेच केले होते आणि ते बिनचूक निघाले होते, त्यामुळे माझी चूक मला दिसेना. सरांनी खडूने लेथच्या बेडवरच लिहिले: ६ आणि त्याखाली १.५, २, २.५, ३. आमच्या राजकोटच्या लेथच्या लीड स्क्रूचा पिच सहा मिलिमीटर होता. दीड, दोन आणि तीनने सहाला पूर्ण भाग जातो, म्हणून हाफ नट कुठेही बसवला तरी टूल जुन्याच वाटेवर येते. अडीचने जात नाही. अशा वेळी नट उघडायचाच नाही, मोटर उलटी फिरवून मागे यायचे. सहाला अडीचने भाग जात नाही हे मला चौथीपासून ठाऊक होते.

त्यानंतर दोनच आठवड्यांनी त्यांनी आम्हाला अंबडच्या एका कारखान्यात सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर चालणारे मशीन, पाहायला नेले. पिवळ्या पट्ट्याच्या मागे उभे राहायचे, हात मागे बांधायचे. ऑपरेटरने दार लावले, बटण दाबले. काचेच्या आत दुधाळ कूलंटचा फवारा उडाला आणि मी ज्या आट्यांसाठी दिवस घालवला होता ते मिनिटाच्या आत बाहेर आले. पडद्यावर त्यासाठी जी ७६ या आज्ञेच्या अवघ्या दोन ओळी होत्या. परतताना बसमध्ये कोणी फारसे बोलले नाही. पेठच्या मुलाने विचारले, "मग सर, आपण हे कशाला शिकतोय?" सर म्हणाले, "त्या दोन ओळींत पिच आणि खोली कोण भरणार?" हे उत्तर तेव्हा मला पटले नव्हते. पुढे नोकरी लागल्यावर संध्याकाळचा वर्ग लावून मी सीएनसी शिकलो आणि मग ते पटले, तरी अर्धेच. कारण दोन वर्षांत एकदाही त्या मशीनच्या पिवळ्या पट्ट्याच्या पुढे न गेलेल्या मुलाला बाहेर जे ऐकून घ्यावे लागते ते मी पुरेपूर ऐकले आहे.

२०१२ मध्ये परीक्षा झाली आणि १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली एका मोठ्या कारखान्यात वर्षभराची अप्रेंटिसशिप मिळाली. तिथे पहिल्यांदाच सरकारी आयटीआयची मुले आणि आम्ही एका रांगेत उभे राहिलो. ड्रॉइंग वाचण्यात ती आमच्या खूप पुढे होती. आमच्याकडे ड्रॉइंगचे सर वर्षात दोनदा बदलले होते. पण टूलला धार लावायची वेळ आली की आम्हाला बोलावणे येई. आमच्या शेडीत विकतचे कार्बाइड इन्सर्ट, म्हणजे तयार धारेचे तुकडे, परवडत नसत, म्हणून हायस्पीड स्टीलचा तुकडा ग्राइंडरवर धरून कोन हाताने काढण्याशिवाय आम्हाला दुसरा मार्गच नव्हता. गरिबीतून आलेले हे कसब कॉलेजचा गुण म्हणून मोजावे की नाही, हे मी अजून ठरवलेले नाही. अप्रेंटिसशिपनंतर परमनंट कोणालाच केले नाही. काही वर्षे कंत्राटी काढली, आणि आता अंबडच्या एका टूलरूममध्ये सेटर आणि प्रोग्रॅमर म्हणून काम करतो आहे.

भाच्याला हे सगळे सांगून उपयोग नव्हता. दरम्यान नियमही बदलले: २०१३ मध्ये सेमिस्टर आले, २०१८ मध्ये पुन्हा वार्षिक पद्धत आली, प्रवेश ऑनलाइन झाले, टर्नरची तुकडी वीसजणांची झाली. मी त्याला घेऊन दोन संस्था पाहायला गेलो. जाण्यापूर्वी दोनच गोष्टी सांगितल्या: आपल्याला हवा त्या ट्रेडला सरकारी मान्यता आहे ना, हे पोर्टलवर स्वतः पाहायचे; आणि वर्कशॉपमध्ये गेल्यावर मशीनकडे नव्हे, मशीनच्या खाली पाहायचे.

पहिली संस्था गंगापूर रस्त्याच्या बाजूला होती. फरशी चकाचक, भिंतीवर थोरांची चित्रे, वातानुकूलित संगणक कक्ष. लेथ हिरव्या रंगाने नुकतेच रंगवलेले. भाचा म्हणाला, "मामा, किती स्वच्छ आहे इथं!" मी काहीच बोललो नाही. तो वाकला. चिप ट्रेमध्ये एक वर्तमानपत्र अंथरलेले होते आणि ते कोरडे होते. लेथच्या टोकाला जॉबला आधार देणाऱ्या टेलस्टॉकचे हँडल फिरवून पाहिले तर ते अर्ध्यावर अडकले. आमच्यासोबत असलेले गृहस्थ म्हणाले की आता सुट्टी आहे ना, म्हणून. सुट्टीतही तेलाचा डाग असा पुसला जात नाही, पण त्यांच्याशी वाद घालायला मी गेलो नव्हतो.

दुसरी संस्था सातपूरला. माझी ती नव्हे. माझी शेड आता एका पॅकेजिंगवाल्याने घेतली आहे. ही तिच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे, तशीच पत्र्याची, पण वर्गखोल्या खालीच आणि कोपऱ्यात एक जुने का होईना सीएनसी. काही मुले सुट्टीतही काम करत होती, कोणाचे तरी जॉबवर्क असावे. भाचा न सांगता खाली वाकला आणि लेथखालून ओंजळभर चिप्स काढून त्याने मला दाखवल्या. त्यांत पितळेच्याही होत्या. "हात कापेल, टाक त्या," असे पलीकडचा एक मुलगा ओरडला, आणि तेवढ्यात भाच्याचे बोट कापलेच. तिथल्या सरांनी कपाटातून पट्टी काढून दिली. प्रथमोपचाराची पेटी भरलेली होती आणि कपाटाला कुलूप नव्हते, हे मी पाहून ठेवले. फीबद्दल आणि नोकरीबद्दल मी पाच-सात प्रश्न विचारले. नोकरीचे त्यांनी सरळ सांगितले, "अप्रेंटिसशिपपर्यंत आम्ही मागे लागतो, पुढचं त्याचं तो."

रात्री बहिणीचा फोन आला. भाच्याने तिला बोटाचे सांगितले, मग लेथ किती आहेत ते, मग सीएनसी कोणत्या वर्षी शिकवतात ते. तिने मधेच विचारले, "ते राहू दे, नाव काय कॉलेजचं?"

तो माझ्याकडे पाहू लागला. मीही पाटी वाचली नव्हती.

"थांब गं आई," तो म्हणाला, "त्याच्या शेजारी एक स्प्रिंगवाल्यांचा कारखाना आहे..."